नमुना अकरा ते वीस

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
बालवाडीची जुनी खोली, पिंपळदरा

निकिता,

माझं सगळं बदललं ते अठरा जूनला सकाळी सव्वादहाला. अकोले स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. तू खिडकीशी बसलेलीस, मी खाली उभा राहून बोलत होतो, आणि तू काच ओढून घेतलीस. पाऊस नव्हता, धूळ नव्हती. मी मुद्दाम बघितलं, अख्ख्या गाडीत दुसरी एकही काच बंद नव्हती.

त्यानंतर मी फोन केले, कबूल. एका दिवसात चाळीस केले असं तू आपल्या वर्गातल्या पूजाला सांगितलंस. चाळीस नव्हते, एकतीस होते. मोजण्यात मी कच्चा नाही. मग तू माझा नंबर बंद करून टाकलास. म्हणून हे पत्र. थर्माकोलच्या डब्यात नळ्यांच्या खाली घालतोय, कारण हा डबा पुण्याच्या प्रयोगशाळेत तुझ्याच टेबलावर उघडतो असं प्रकल्पाचे सर म्हणाले. सर आणखीही एक म्हणाले. डोंगरातले महासीर मासे धरायला, मोजायला गावातला माणूस हवा होता, तेव्हा माझं नाव तू सुचवलंस. दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेल्या, प्रॅक्टिकलला बरणी फोडलेल्या पोराचं नाव कुणी उगाच सुचवत नाही. मी काय समजायचं ते समजलो आहे.

आता काम. खोली प्रकल्पाने घेतली तेव्हा भिंतीवर एक ते दहा अंक रंगवलेले होते, अजून आहेत. दहातलं शून्य ओलीने गेलंय, एकच उरलाय. जाळं टाकायला सहादेवमामा आहेत. पाग फेकण्यात त्यांचा हात धरणारा या खोऱ्यात कुणी नाही. पण तपासणीसाठी माशाचा पर कापायला ते तयार नाहीत. आमच्या डोहाचं नाव जावईडोह. पुरातून गावाच्या पोरी काढताना कुणाचा तरी जावई बुडाला आणि त्याचा मासा झाला, असं म्हणतात. तेव्हापासून इथला मासा गावाचा जावई. त्याला खाऊ घालायचं, त्याला खायचं नाही. अधिक महिन्यात धोंडे करून डोहात सोडतात.

"जावयाच्या अंगाला कात्री लावतु का तू?" मामा म्हणाले.

"नखाएवढा तुकडा मामा. परत उगवतो."

"नख काढाया बी जावयाला इचारत्यात."

मग मीच कापतो. बादलीत लवंगेच्या तेलाचे थेंब टाकले की मासा गुंगतो, तेवढ्यात लांबी, अंगाची उंची, डोळ्याचा व्यास, कडेच्या रेषेवरचे खवले, मिशा, सगळं घ्यायचं, फोटो काढायचा, पराचा तुकडा स्पिरिटच्या नळीत, मासा पाण्यात. मासा वर दिला की मामा ओरडतात, "लाभ!" धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात तसं. पण दुसऱ्यालाही लाभ, तिसऱ्यालाही लाभ. मी म्हटलं, "मामा, सहावा आहे हा." तर म्हणतात, "जावई मोजायचा नसतु. आला त्यो लाभ." तर मोजणारा मी एकटाच.

अकरा मिळाले, सोबत पाठवतोय. अकरावी मादी सगळ्यात मोठी, एक्कावन्न सेंटिमीटर. तिची डावीकडची वरची मिशी अर्ध्यावर तुटलेली आहे. तक्त्याच्या शेऱ्यात लिहिलंय. खवले दोनदा मोजले, पंचवीस.

उत्तर शेऱ्याच्या रकान्यात दिलंस तरी चालेल.

गोरक्ष

१५ नोव्हेंबर, शनिवार

निकिता,

रिकाम्या नळ्या आल्या, तक्ता आला. शेरा तुझ्याच अक्षरात आहे. तुझा 'ळ' मी दोन वर्षं शेजारच्या बाकावरून बघितलाय. लिहिलंय: 'नमुने मिळाले. या ठिकाणाहून एकूण वीस लागतील. वीस न झाल्यास ठिकाण अभ्यासातून वगळावे लागेल. आम्हाला कळवावे.'

आम्हाला?

कोण आम्ही? सरांचं अक्षर वेगळं, त्यांची सही वर आहे. खाली आणखी एक सही आहे, राधाकृष्ण, तो तुमच्याकडे पीएचडी करतो तो. नावातच दोघं घेऊन फिरतोय, त्याला तिसरं माणूस कशाला लागतं? जूनपर्यंत तू 'मी' म्हणायचीस. मला भूक लागली, मी चालले, मला त्रास देऊ नकोस. सगळं 'मी'. पाच महिन्यांत 'आम्ही' झालात?

तुला वाटेल गोरक्ष डोक्यात राख घालून घेतोय. घेतोय. मी हा तक्ता आरशासमोर धरून पण बघितला, मागून काही खोडलंय का म्हणून. नाही.

असो. वीस लागतील ना? वीस होतील. ठिकाण वगळायचं नाही. ठिकाण वगळलं की डबा बंद, मला कळतं तेवढं. या आठवड्यात आणखी पाच मिळाले. सोबत आहेत, नमुना बारा ते सोळा. मामांचा गुडघा धरलाय, त्यामुळे मी एकटाच उतरलो. नशीब म्हणायचं, दोन दिवसांत पाच. फोटो उजव्या बाजूने काढलेत, नियमात डावी बाजू आहे ते माहीत आहे, पण उजेड त्या बाजूने येत होता.

पत्र वाचल्यावर फाडतेस की ठेवतेस? तो वाचतो का?

गोरक्ष

२३ नोव्हेंबर, रविवार

निकिता,

तुझा शेरा: 'नमुना १२ ते १६: छायाचित्रांत डावी मिशी दिसत नाही. पुन्हा तपासून कळवावे. आम्ही वाट पाहू.'

परत आम्ही. पण 'वाट पाहू'. हे दोन शब्द मी चार दिवस खिशात घेऊन फिरतोय आणि मला कळत नाहीये की कुणी कुणाची वाट पाहायची आहे. माशाच्या मिशीची कुणी वाट पाहतं का? तुला मला काही सांगायचंय आणि तो शेजारी उभा असतो म्हणून तू मिशीचं निमित्त करतेस, असं माझं मत झालंय. आडून लिहायची तुला सवय आहेच. वहीच्या मागच्या पानावर माझं नाव लिहून त्यावर खवले काढले होतेस, आठवतं?

मिशा ठीक आहेत. तपासल्या.

वीस पूर्ण झाले. सतरा ते वीस सोबत.

आबांची गंमत सांगतो. कॉलेज सोडल्यापासून माझे वडील माझ्याशी ताट सरकवण्यापुरतं बोलायचे. परवा ओसरीवर म्हणाले, "बस." मी बसलो.

"डोहात किती मासं घावलं तुला?"

"वीस."

"इस धरलं म्हंजी दोनशे आसत्याल."

"तसं नसतं आबा."

"आमी काय येडे हाय का? पागात ईल तेवढंच आसतंय व्हय पान्यात? मला त्यो कागद दे एक."

पुण्याची एक पार्टी आहे. डोहाच्या वरचं आमचं खाचर त्यांना तंबू लावायला हवंय, काजव्यांच्या दिवसांसारखं, पण बारा महिने. आणि पाहुण्यांना गळ टाकायला डोह. धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा. त्यांना कागद हवा की मासा भरपूर आहे. मी तक्त्याची एक प्रत दिली. काही विशेष नाही. आबांनी दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ताटातली भाकरी मोडून दिली, हे मात्र विशेष.

एक सहज विचारतो. माशाच्या परावर कापसासारखं पांढरं आलं तर काय करतात? डोहाच्या वरच्या अंगाला एक छोटं कुंड आहे, दगड लावून अडवलेलं, घरी जाताना मी तिथे थांबतो. तिथल्या एका माशाला दिसलं. सहज.

गोरक्ष

३ डिसेंबर, बुधवार

निकिता,

तो आला होता. तू पाठवलास की स्वतःहून आला? स्वतःहून आला असेल तर कशाला, आणि तू पाठवला असशील तर तू का आली नाहीस?

तुझा हा राधाकृष्ण माणूस नीटनेटका आहे. बूट काढून, मोजे बुटात घालून पाण्यात उतरला. मला 'गोरक्षभाऊ' म्हणतो. मला त्याने भाऊ म्हणावं असं माझं वय झालेलं नाही, आणि भाऊ म्हणण्यामागचा हेतू मला कळतो. त्याने पाण्याचं तापमान घेतलं, खोली घेतली. पाठपिशवीला बाहेर निळी बाटली अडकवलेली, कॉलेजात तुझ्याकडे होती तशीच. अशा बाटल्या बाजारात हजार मिळतात, मला माहीत आहे. त्यातली एक त्याच्याकडे का, एवढंच विचारतोय.

मामा काठावर बसले होते. तो त्यांना म्हणाला, "काका, वीस मासे मिळाले ना इथे?"

मामा म्हणाले, "लाभ."

"म्हणजे?"

"म्हंजी लाभ. आन् पुढल्या साली धोंड्याचा महिना हाय. तवर ऱ्हायलं पायजेत."

तो हसला. मला राग आला. मामांच्या बोलण्याला तुम्ही लोक हसता, मग तेच वहीत 'स्थानिक समजूत' म्हणून उतरवून घेता. मी म्हटलं, "विश्वास नसेल तर सरळ विचार. काकांना काय विचारतोस?"

"नाही हो गोरक्षभाऊ, सहज."

"सहज कुणी पुण्याहून येत नाही."

"अहो, मी फक्त पाण्याचं..."

"निकिता काय बोलते माझ्याबद्दल?"

  तोंड उघडून मिटलं त्याने. त्या मिटण्यात काय होतं ते मला हवंय. मी दोन पावलं पुढे गेलो. मामांनी मागून माझ्या सदऱ्याचा कोपरा धरला आणि म्हणाले, "गोरख, पानी गढुळ हुतंय." मी थांबलो. वर्गात तू म्हणायचीस ना, गोरक्षला मोजता येतं, थांबता येत नाही? लिहून ठेव, थांबलो.

जाताना वाटेवर ते कुंड लागतं. त्याने वाकून बघितलं. म्हणाला, "हे दगड कुणी लावले?"

मी म्हटलं, गुराख्यांच्या पोरांनी.

तुझा मागचा शेरा: 'नमुना १७ ते २०: डोळ्याचा व्यास पुन्हा मोजावा. घाई नाही. खरे असेल ते लिहावे.' हे कसलं वाक्य आहे? खरं असेल ते! मी अकरा पानं खरं लिहितोय तुला, शेऱ्याचा रकाना सोडून तू एक ओळ लिहिली नाहीस.

गोरक्ष

१२ डिसेंबर, शुक्रवार

निकिता मॅडम,

कागद मिळाला. छापील आहे. 'जनुकीय तपासणीनुसार नमुना क्रमांक ११ ते २० हे दहाही एकाच माशाचे आहेत. खुलासा करावा.' शेवटी खुलासा करावा, वाट पाहू नाही.

घ्या खुलासा.

एक. नळ्या मी पाठवल्या तेव्हा वेगळ्या होत्या. त्या रस्त्यात कोण हाताळतं, तुमच्याकडे कोण उघडतं, मला काय माहीत? राधाकृष्ण इथे आला, बघून गेला, आणि आठ दिवसांत हा निकाल. जोडा तुम्हीच.

दोन. यंत्र चुकत नाही का? तुम्हीच शिकवलं होतंत की एका डोहातले मासे चुलत-मावस असतात, भाऊबंदच सगळे. भाऊबंद दिसतातच सारखे. आमच्या गावात या, अर्धं गाव एका तोंडवळ्याचं आहे.

तीन. सहादेवमामा. ते प्रत्येक माशाला लाभ म्हणतात. त्यांनी तोच मासा परत परत वर दिला असेल आणि मी काठावर लिहीत गेलो असेन. म्हाताऱ्या माणसाची चूक. त्यांना विचारा.

मला काढून टाकायचं तर काढा. डोह वगळा. दोघं मिळून वगळा.

गो. आ.

१३ डिसेंबर, शनिवार

निकिता,

कालचा डबा एसटीत चढला, परत आणता येत नाही. स्टँडवर जाऊन बघितलं, गाडी गेली होती.

मामांचं लिहिलं ते खोटं आहे. नमुना बारापासून मामा नव्हतेच. गुडघ्याचं मीच तुला लिहिलं होतं. खोटं बोलणाऱ्याने आपली जुनी पत्रं तरी वाचावीत.

आज मामांना सांगितलं की मी त्यांचं नाव लिहिलंय. ते जाळ्याला शिसं बांधत होते. खाली मान घालून म्हणाले, "लिव की. माझं नाव कुनी कवा कागदावं लिवलं हुतं?" मग गाठ मारत, "पर म्या तुला एकदाच दिली ती. मिशीतुटकी."

मी शिशाचा पुढचा गोळा त्यांच्या हातात दिला.

"कुंडात हाय ना ती? म्या बघितलंय. म्हनलं पोरगं शिकल्यालं हाय, आवशीद करीत आसंल."

त्यांना सगळं दिसत होतं आणि ते एक महिना गप्प होते. तुम्ही सगळे गप्प कसे राहू शकता? मला हे जमत नाही. आणि मीच सगळ्यात मोठी गोष्ट गप्प ठेवली, हे पण खरं.

अजून सगळं लिहिलेलं नाही. 

गोरक्ष

१६ डिसेंबर, मंगळवार

निकिता,

ती गेली.

सकाळी कुंडावर गेलो तर आडवी, दगडांना लागून. पांढरं पूर्ण पाठीपर्यंत चढलं होतं. डावीकडचा पर राहिलाच नव्हता, नुसती काडी. मी दहादा कापला. पहिल्यांदा डोहाच्या काठी सगळ्यांसारखा, आणि नंतर नऊदा कुंडात. दरवेळी लवंगेचं तेल, दरवेळी तेवढीच गुंगी. लवंग जास्त पडली एकदा, उठायला खूप वेळ लागला तिला. मी तिचं तोंड धरून पाण्यात मागेपुढे करत बसलो होतो. उठली तेव्हा मी खूश झालो, आणि परत कात्री घेतली.

का केलं? तीन-चार दिवस पाग फेकला, बारावा मासा आला नाही; मिशीतुटकीच परत आली, तिला कुंडात अडवून ठेवलं. डोहात अकराच होते. तुझ्या कागदावर लिहिलेलं होतं, वीस न झाल्यास. मला फक्त डबा बंद व्हायला नको होता. एवढंच कारण. मासा, डोह, विज्ञान, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. तुझ्या टेबलावर दर आठवड्याला माझी एक वस्तू पोचावी. लांबी मी मनाने लिहिली, एकेकीला दोन सेंटिमीटर कमी करत. खवले मात्र प्रत्येक वेळी पंचवीसच लिहिले, तिथे खोटं लिहायला हात उठला नाही. हसू नकोस.

मामा आले. तिला उचलून त्यांनी मांडीवर घेतलं. पोट दाबलं तर अंडी आली, पिवळी, ज्वारीच्या दाण्याएवढी पण नाहीत. मामा म्हणाले, "जावई न्हाई गोरख. ही लेक हुती." मग पंचा ओला करून तिला गुंडाळली आणि डोहाच्या वरच्या अंगाला पुरली. मला हात लावू दिला नाही.

या वेळी 'लाभ' म्हणाले नाहीत.

गोरक्ष

२१ डिसेंबर, रविवार

निकिता,

तुझं पत्र मिळालं. पत्रच म्हणतो, अर्धं पान असलं तरी. मी ते पाठ केलंय. तू काय लिहिलंस ते तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल. आतापर्यंत मी तुझं काहीच नीट वाचलेलं नव्हतं.

तू लिहिलंस:

'गोरक्ष, तक्त्याखाली जे आम्ही असतं ते मीच. एकटी. सरांनी घालून दिलेली लिहायची पद्धत आहे. मी एकटी असून आम्ही लिहिते, त्याने कुणाचं काही जात नाही. तू एकाचे दहा लिहिलेस. दुसऱ्या डब्यातच मी ओळखलं. डावी मिशी लपवून कुणी फोटो काढत नाही. दोन आठवडे त्या नळ्या मी फ्रीजमध्ये ठेवल्या, तू सांगशील म्हणून. राधाकृष्णला त्यातलं काही माहीत नव्हतं, त्याने परत येऊन मला फक्त एवढंच विचारलं की हा मुलगा नेहमी एवढा रागावलेला असतो का. शेवटी नळ्या तपासाव्या लागल्या. तुझे अकरा मासे धरणात सोडलेल्या माशांशी जुळत नाहीत. ते मूळचे आहेत. असे आमच्या, म्हणजे माझ्या, यादीत दुसरीकडे कुठेही नाहीत. तुझं नाव मी सुचवलं कारण वर्गात खवले तू सगळ्यात नीट मोजायचास. दुसरं कारण नव्हतं. वहीच्या मागचे खवले मोजायचा सराव म्हणून काढले होते, आणि नाव तुझं नव्हतं, गोरक्षगडाचं होतं. सहलीची यादी होती ती. खरा तक्ता पाठव. खाली सही तुझी.'

गोरक्षगड. मी दीड वर्ष त्या पानावर जगत होतो, निकिता.

राग यायला हवा होता. मी वाटही बघितली, येतोय का. सवयीने एकदा संशय पण घेतला, की हे पत्र तरी तुझंच कशावरून? 'ळ' बघितला. तुझाच आहे.

तक्ता सोबत आहे. नमुना एक ते दहा, पूर्वीप्रमाणे. नमुना अकरा: मादी, एक्कावन्न सेंटिमीटर, डावी मिशी तुटलेली, खवले पंचवीस, मृत. कारणाच्या रकान्यात 'वारंवार इजा' लिहिलं होतं, मग खोडून 'गोरक्षने दहादा पर कापला' असं लिहिलं. बारा ते वीस: मासा नाही. खाली सही माझी आहे. आम्ही नाही, मी.

पण काम एवढ्यावर संपत नाही. आज ग्रामसभा आहे. पुण्याच्या पार्टीचा विषय आहे आणि आबांच्या हातात मी दिलेला तक्ता आहे, वीस लिहिलेला. डोहात आता दहा आहेत. गळाला लागून सोडलेले किती जगतात ते मला तू सांगायला नको, मी एकीला सोडून सोडून मारलंय.

सकाळी आबांना सांगितलं. दाढी करत होते.

"आबा, वीस नव्हते. अकरा होते. आता दहा आहेत. मी खोटं लिहिलं होतं."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला नाही. आरशातच माझ्याकडे बघून म्हणाले, "कागदावं इस हाय."

"तो कागद माझाच आहे. खोटा आहे."

"मंग खोटा ऱ्हाऊ दे. कोन मोजाया जातंय?"

"मी गेलो होतो ना."

"कालेज सोडलंस तवा गावानं मला इचारलं, काय करतंय पोरगं. म्या गप ऱ्हायलो. आत्ता कुटं सांगाया लागलो हुतो, शास्त्रज्ञांच्या संगं हाय म्हनून. आन् तू भोंग्यावं सांगनार, ह्यो लबाड हाय म्हनून?"

"हो."

"सभंत उभा ऱ्हायलास तर घरात येऊ नगं."

दाढीचा साबण एका गालावर तसाच वाळत होता. मी निघताना ते म्हणाले, "भाकर खाल्ली का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी वस्तरा परत गालाला लावला. 

आता इथे खोलीवर आहे. माझे कपडे एका पिशवीत आलेत, फारसे नव्हतेच. नागापूरला एमआयडीसीत कॉलेजातला ओम असतो, तो म्हणाला ये, खोलीत चौघं आहोत, पाचवा मावेल. सभेनंतर बघू. मामा खाली ओट्यावर बसलेत. मी विचारलं, "मामा, सभेत तुम्ही पण सांगाल का, किती आहेत ते?" ते म्हणाले, "म्या जावई मोजत न्हाई." मग म्हणाले, "पर तू मोजलंस की म्या व्हय म्हनीन." सभेनंतर डबा तेच स्टँडवर नेणार आहेत. खोलीची किल्ली डब्यात आहे. व्हर्निअर, लवंगेचं तेल, कात्री, सगळं यादीप्रमाणे. कात्री धुतलेली आहे.

हे शेवटचं पत्र. उत्तर नको. शेऱ्यात पण नको. फक्त एक करशील का? पुढच्या वर्षी अधिक महिन्यात कुणाला तरी मोजायला पाठव. कात्री न लावता, नुसतं वरून, उन्हात पाणी नितळ असताना दिसतात ते. राधाकृष्णला पाठवलंस तरी चालेल. मामांना सांग, ते त्याला बसायला जागा दाखवतील.

भोंगा आत्ता वाजायचा थांबला, म्हणजे माणसं बसली. ही ओळ उभ्यानेच लिहितोय. डबा उचलला. बाहेर ऊन आहे. दार ओढून घेतो.

गोरक्ष